घरट्याशेजारची खुर्ची

कासवबाईचा आवाज मुळातच मोठा. समुद्राच्या गाजेवर ओरडून तो आणखी चढला, असं तिची आई म्हणे. एवढं प्राणिशास्त्र शिकून पोरीनं शेवटी वाळूच उपसली, असंही म्हणे. कासवबाई हसायची आणि उजाडताच किनाऱ्यावर निघायची. कासवाच्या मादीचे माग वाळूत दिसले की गुडघे टेकून घरटं शोधायचं, कुत्र्यांपासून वाचवायला वर जाळी ठोकायची. केस पिकायला लागले तरी कासव संवर्धन केंद्राच्या कंत्राटावर हे चालूच होतं.

यंदाचं शेवटचं घरटं नेमकं तिथे झालं, जिथे संवर्धन केंद्राच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाचा मंडप घालायचा होता. संचालकांनी फर्मान काढलं, अंडी उचला आणि पलीकडे पुरा.

"आता नाही उचलता येणार," ती म्हणाली. "महिना उलटून गेलाय. आतला जीव कवचाला वरच्या बाजूनं चिकटलाय. अंडं फिरलं की संपलं."

"गेल्या वर्षी उचललीच होती की!"

उचलली होती खरी. खुद्द संचालकांनी, फोटोसाठी, एकेक अंडं धुऊनपुसून टोपलीत छान रचलं होतं. त्यातून एकही पिल्लू निघालं नाही. फोटो मात्र केंद्राच्या दारातच लटकत होता. तो दिसला की कासवबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिने घरट्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि ठाण मांडलं. मंडपवाले आले, तिचा अवतार बघून खांब खाली ठेवून चहाला गेले. दुपारी संचालकांचा निरोप आला, तुमचं कंत्राट रद्द.

घरी येऊन ती ढसाढसा रडली. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण आता ते घरटं उपसतील याचा संताप जास्त होता.

"झालं रडून?" आई म्हणाली. "मग आता त्या माणसाचं ऐकायचंच कशाला? तू त्याची नोकर थोडीच आहेस?"

कासवबाईने डोळे पुसले. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. वाळू काही संचालकांच्या बापाची नव्हती.

तासाभरात घरट्याशेजारी दोन खुर्च्या होत्या. संचालक तणतणत आले. "बाई, तुम्हाला काढून टाकलंय!"

"म्हणूनच आलेय. सकाळी तुमचा हुकूम मोडताना जिवावर येत होतं. आता तेही नाही."

"आणि आवाज जरा खाली," आई म्हणाली. "माझी पोरगी याहून मोठ्यांदा ओरडते, सांगून ठेवते."

दोघी रोज बसत राहिल्या. शेवटी मंडप झक मारत मागे, गाड्या लावायच्या जागेत घालावा लागला.

उद्घाटनाच्या संध्याकाळी ऐन भाषणात घरट्यावरची वाळू खचली. कासवबाईने जाळी काढली. तळहातावर मावतील एवढी काळपट पिल्लं एकमेकांच्या अंगावरून बाहेर पडायला लागली. पाहुणे धावत आले. सगळ्यांच्या पुढे संचालक, मागे फोटोवाला. संचालक थेट घरटं आणि पाण्याच्या मधोमध उभे राहिले आणि एक पिल्लू उचलायला वाकले.

"हात लावायचा नाही!" कासवबाई कडाडली. "मंडपाचे दिवे घालवा, पिल्लं उजेडाकडे वळतात. आणि साहेब, मागे व्हा. वाट त्यांची आहे."

दिवे गेले. सगळ्या पाहुण्यांदेखत संचालक चार पावलं मागे सरकले.

"आणखी मागे," आई खुर्चीतून म्हणाली.