काचेवरची टिचकी

काल देवासच्या घरी इलेक्ट्रिशियननं स्टॅबिलायझरच्या काचेवर नखानं टिचकी मारली. "भिया, कांटा अटक जाता है," तो म्हणाला. काटा हलला, आणि माझी मान खाली गेली.

वीसेक वर्षं झाली असतील. नव्या विमानाच्या सिम्युलेटरमध्ये मला धारला विमान चालवायला शिकवलेले मोघे सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांची सगळी हयात काट्यांच्या विमानांत गेलेली. आता समोर नुसते पडदे. उंचीचा आकडा वाचण्याआधी त्यांनी सवयीनं पडद्यावर टिचकी मारली.

मागे तरुण पायलट बसले होते. मी त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सर, ये टीव्ही है. ठोकने से नहीं सुधरेगा."

सगळे हसले. सरही हसले. पण नंतर आकडा वाचताना त्यांचं बोट अर्ध्यावर थांबायचं आणि मुकाट्यानं मांडीवर परत यायचं.

धारच्या हवाईपट्टीवर मी शिकाऊ असताना एकदा आमचं विमान खाली चाललं होतं आणि उंचीचा काटा हलत नव्हता. मला कळलंच नाही. तो सरांनी ह्याच बोटानं टिचकी मारून सोडवला होता. "आधी टिचकी, मग विश्वास," सर म्हणाले होते.

सिम्युलेटरमध्ये हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. सरांनी ते कुणाला सांगितलं नाही. मीही नाही.