सदतिसाव्या पानावरची कोरी जागा

सासूची स्तुती करणारी सून दिसली की लोक आधी घरात वाटणीबिटणी चालू आहे का ते बघतात. तसलं काही नाही. भागिरथीआत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चहात साखर जास्त पडली तर आजही मला ऐकवतात, आणि मीही तोंड मिटून बसणाऱ्यांतली नाही. तरी हे मी लिहिणारच, कारण गावात त्यांच्याबद्दल अर्धवट बोललं जातं आणि ते मला खपत नाही.

आमचं गाव पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला. मी श्रीगोंद्याची, उसाच्या पट्ट्यातली. लग्न होऊन आले तेव्हा इथला रखरखाट पाहून मला रडूच कोसळलं होतं. पण गावाच्या वरच्या अंगाला एक झरा आहे, तो भर उन्हाळ्यातही आटत नाही. नाथ इथे आले, तहानलेल्या बायका-लेकरांना पाहून त्यांनी खडकात चिमटा रोवला आणि पाणी लागलं, असं गाव सांगतं. कुठं लिहिलंय, असं कुणी विचारलंच तर गाव छाती काढून म्हणतं, आमच्या पोथीत.

ती पोथी आमच्या घरात असते. हाताने लिहिलेली सुटी पानं, वरखाली दोन लाकडी फळ्या, त्यावर लाल रुमाल. श्रावणात देवळात तिचं वाचन होतं. रीत अशी की पानाला हात फक्त वाचणाऱ्याने लावायचा, तोही अंघोळ करून. बाकीच्यांनी समोर बसून ऐकायचं, डोकावायचं नाही.

आत्या माहेरच्या बेलापूरच्या, चौथी शिकलेल्या. त्यांचे सासरे रंभाजीबुवा पोथी वाचायचे. त्यांची नजर गेली तेव्हा त्यांनी थोरल्या मुलांना सोडून धाकट्या सुनेला पोथीपुढं बसवलं, कारण एक अक्षर चुकलं तरी तिला जेवण जायचं नाही. बाईने पोथी वाचायची म्हणून गावाने नाकं मुरडली. पहिल्या श्रावणात आत्यांचा आवाज ऐकला आणि ती नाकं आपोआप सरळ झाली. काजळी आणि डिंकाची शाई कशी करायची, बोरू कसा धरायचा, हेही बुवांनीच शिकवलं. एखादं पान तुटायला आलं की आत्या ते जसंच्या तसं दुसऱ्या कागदावर उतरवतात. जुनं अक्षर कुठलं आणि आत्यांचं कुठलं, हे मला बावीस वर्षांत ओळखता आलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सरपंच भागवत तीर्थक्षेत्राच्या दर्जामागे लागला. हा आत्यांच्या चुलत दिरांचा मुलगा. काम चांगलंच होतं. दर्जा मिळाला असता तर डोंगराकडचा रस्ता झाला असता, गावात एसटी आली असती. कचेरीने लेखी पुरावा मागितला. मग जुन्या पोथ्या वाचणारे गोरक्षनाथ सर नगरहून गुरुवारी येऊन चिमट्याच्या ओवीच्या पानाचे फोटो काढणार असं ठरलं. भागवत सोमवारीच आला, म्हणाला, आधी मला एकदा बघू द्या.

आत्यांनी अंघोळ करून रुमाल सोडला आणि सदतिसावं पान त्याच्यासमोर धरलं. हे पान मीही पहिल्यांदाच पाहिलं. वर लिहिलेलं, खाली लिहिलेलं, आणि मधे दोन ओळींएवढी जागा कोरी.

भागवतला वाटलं पान चुकलं. आत्यांनी शांतपणे सांगितलं की पान हेच. ज्याने ही पोथी उतरवली त्याच्यासमोरचं जुनं पान तिथे वाळवीने खाल्लेलं असणार, म्हणून त्याने जागा सोडली. अशा आणखी चार जागा आहेत. या जागी बुवा ती ओवी तोंडपाठ म्हणायचे, त्यांना ती त्यांच्या वडिलांनी दिली होती. आत्याही तीस वर्षं तेच करत होत्या. कोऱ्या जागेवरून बोट फिरायचं, ओवी तोंडून यायची, आणि गाव समजायचं की आत्या वाचतायत. इतकी वर्षं सांगितलं का नाही, असं मी जरा तडकूनच विचारलं. त्या म्हणाल्या, कुणी विचारलंच नाही, आणि मलाही बोलायचा धीर झाला नाही.

भागवतने एकदा दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, तुमचं अक्षर अन् जुनं अक्षर येगळं वळखू येत न्हाई. दोन ओळींचं तर काम हाय."

आत्यांनी पान परत रुमालात बांधलं. बुधवारी ये, एवढंच म्हणाल्या.

मधल्या दिवसात त्यांनी धड जेवण केलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही भागवतच्याच बाजूची होते. माझी लेक आरती कॉलेजची एसटी धरायला रोज सडकेपर्यंत चार किलोमीटर चालायची. नाथांनी पाणी दिलं हे सगळं गाव मानतं, मग लिहिलं तर कुणाचं काय बिघडतं, असं मी आत्यांना म्हणाले. त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं.

बुधवारी त्यांनी शाई घोटली. भागवत उंबऱ्याशी बसला होता, काम झाल्यासारखा निवांत. आत्यांनी सदतिसावं पान पुढ्यात घेतलं, बोरू बुडवला, आणि हात कोऱ्या जागेवर नेऊन थांबल्या. बोरूच्या टोकाला शाईचा थेंब जमत होता. त्यांनी बोरू बाजूला घेतला.

"भागवता, ज्यानं ही जागा कोरी सोडली त्याच्या हातात बी बोरू हुताच की," त्या म्हणाल्या. "त्याला बी ही ओवी ठाव असंल. पर पुढ्यात दिसली न्हाई म्हून त्यानं लिवली न्हाई. त्याच्यामागं आमच्या घरातल्या कुनीबी लिवली न्हाई. मी आज लिवली, तर बाकीची पानं तरी खरी कशावरून, म्हनून उद्या कुनी इचारलं तर मी काय सांगू?"

भागवत म्हणाला, गावाचं नुकसान करताय. आत्या म्हणाल्या, व्हय, करते. मग त्यांनी एक साधा कागद घेतला आणि त्याच शाईने लिहिलं: सदतिसाव्या पानावर या जागी अक्षर नाही. इथली ओवी मी सासरे रंभाजीबुवांच्या तोंडून ऐकली. खाली तारीख घातली आणि आपलं नाव लिहिलं. भागवत वहाणा न घालताच निघून गेला. त्या मी संध्याकाळी आरतीच्या हाती पाठवल्या.

गुरुवारी सर आले. सरांनी काही विचारायच्या आधीच आत्यांनी ते पान आणि कागद त्यांच्यापुढं ठेवला. सर भिंग लावून कितीतरी वेळ त्या कोऱ्या जागेवरच होते. पोथी दोनेकशे वर्षांची असावी म्हणाले. गाव तिला सातशे वर्षांची म्हणत होतं, तेही गेलं. पण निघताना ते आत्यांच्या पाया पडले. एवढ्या पोथ्या पाहिल्या, अशा जागा कुणीतरी भरलेल्याच सापडल्या, म्हणाले. तुमच्या पोथीत जे लिहिलंय ते उतरवणाऱ्याने जुन्या पानात पाहूनच लिहिलं होतं, असं मी आता लिहून देऊ शकतो. चिमट्याच्या ओवीबद्दल मात्र त्यांनी लिहिलं की ही गावाची तोंडी परंपरा आहे. दर्जाचा कागद अजून कचेरीतच पडून आहे. आरती अजून चालते.

भागवत वर्षभर आमच्या घराशी बोलला नाही. पारावर बसायचा तोसुद्धा आमच्या दाराकडे पाठ करून. आता भागिरथीला वाचायला बसवू नका, असंही काहीजण म्हणाले, पण वाचणार कोण याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

पुढचा श्रावण आला. सदतिसाव्या पानाच्या दिवशी देऊळ गच्च भरलं होतं. निम्मे लोक मजा बघायला आले होते, हे मला ठाऊक होतं. भागवत मागे खांबाला टेकून उभा होता. आत्या वाचत वाचत त्या जागेपाशी आल्या. कोऱ्या जागेवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "हितं अक्षर न्हाई."

आणि गप्प बसल्या. आता कुणीतरी हसणार, या भीतीने मी मान खाली घातली. तेवढ्यात मागून, खांबाकडून, घोगरा आवाज आला:

"चिमटा रोविला खडकासी..."

भागवत होता. दुसरा चरण बायकांनी उचलला आणि तिसऱ्याला सगळं गाव म्हणत होतं:

"धार फुटली तयापासी,
तहानल्या बाया-लेकरांसी,
पाणी दिधले."

मला अभिमानाने रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही. ओवी संपेपर्यंत आत्यांनी त्या कोऱ्या जागेवरचं बोट हलवलं नाही. मग एकदा मागे भागवतकडे पाहिलं, आणि खालची लिहिलेली ओळ वाचायला घेतली.