साडूभाऊंची इंग्रजी आणि माझा रंधा

माझ्या साडूंइतका आनंदाने, गाजावाजाने आणि दुसऱ्याच्या सामानावर इंग्रजी शिकवणारा मास्तर अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. हे मी कौतुकाने म्हणतो की जळून, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा जळूनच. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत शहापूरच्या एकाच हायस्कुलात आम्ही दोघे नोकरीला होतो. मी सुतारकामाचा मास्तर, ते इंग्रजीचे. माझी बायको थोरली बहीण, त्यांची धाकटी, म्हणजे नात्याने मान माझा. पण ही गोष्ट माझ्याखेरीज कोणाच्या ध्यानात असल्याचं मला आठवत नाही.

मुंबईला ट्रेनिंग घेताना कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की परकी भाषा पुस्तकातून येत नाही. हाताने काम करत तोंडाने तेच बोललं की येते. इतर मास्तरांनीही हे ऐकलं आणि घरी येऊन पुस्तक उघडलं. साडूभाऊंनी मात्र ते मनावर घेतलं. खिडकी उघडताना 'आय अ‍ॅम ओपनिंग द विंडो', ती लावताना पुन्हा तसंच, आणि एका तासात खिडकी इतक्या वेळा उघडे-मिटे की तिच्या बिजागऱ्या मलाच बदलाव्या लागत. त्यांनी वर्गात कोंबडा आणला, बकरी आणली. म्हैस दारातून आत येईना, तर वर्ग उचलून म्हशीकडे नेला. टेबलावर चढणं आणि टेबलाखाली बसणं हा तर रोजचाच पाठ. एकदा शिपाई निरोप घेऊन गेला, तेव्हा मास्तर धोतर सावरून अगदी गंभीरपणे टेबलाखाली बसले होते. शिपाई वाकून म्हणाला, "मास्तर, हेडमास्तरांनी बोलावलंय. तुमी बाहेर येता का त्यांनाच हितं धाडू?" साडूभाऊंनी त्यालाही ते इंग्रजीत म्हणायला लावलं, मगच बाहेर आले. घरीही तीच तऱ्हा. विहिरीवर पोहरा सोडताना ते पोहऱ्याला इंग्रजीत सांगून सोडत. 'आय अ‍ॅम हंग्री' एवढं मेव्हणीला कळे, आणि त्यांच्या संसाराला तेवढं पुरत असे.

मला सलत होतं ते वेगळंच. शेणवे गावाकडून चालत येणारी पोरं वाटेत बैलांशी इंग्रजी बोलत. माझ्या वर्गात शिकलेल्या लाकडाच्या सांध्याबद्दल बैलाशी सोडा, घरच्यांशीही कोणी बोलल्याचं माझ्या कानावर आलं नाही. आणि सासुरवाडीची तर गोष्टच नको. आम्ही दोघे धसईला गेलो की सासरे बाजारातली चार माणसं गोळा करून आणत आणि धाकट्या जावयाला म्हणत, "जावयबापू, बोला जरा." मग साडूभाऊ तांब्या उचलून, पाणी पिऊन, तांब्या खाली ठेवून दाखवत, प्रत्येक हालचालीला एकेक वाक्य, आणि माणसं माना डोलावत. ते झालं की सासऱ्यांना माझी आठवण होई. "तुमी आलाच हात, तर ह्या बाजेचा पाय बघा. हलतोय." एक जावई बोलून जेवायचा, दुसरा बाज ठोकून. मी घरी कुरकुर केली तर बायको म्हणे, "तुमी लाकडं घडवता, भावोजी माणसं घडवतात. त्याला कोण काय करणार?" हे तिने पुरणपोळी वाढता वाढता म्हटलं होतं, त्यामुळे मला ताटावरून उठताही येईना.

अशात एक दिवस हेडमास्तरांनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं. शाळा तपासायला इन्स्पेक्टर येणार होते, आणि सुतारकाम त्यांच्या मनास आलं नाही तर पुढच्या सालापासून तो वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे मी पुन्हा गावी नांगर सांधायला. मी हबकलो, पण माझ्याजवळ एक हुकमाचं पान होतं. लढाईमुळे चांगलं लाकूड दिसेनासं झालं होतं, तरी खटपट करून मी सागाची एक जाड फळी मिळवून ठेवली होती. तिची खुर्ची साहेबांच्या डोळ्यांदेखत उभी करायची, असा माझा बेत होता. साहेब यायच्या आदल्या दिवशी खुर्चीच्या पायांसाठी लाकूड आणायला मी खर्डीच्या वखारीत गेलो.

परत आलो तर सुतारशाळेत घोट्यापर्यंत रंध्याच्या साली, आणि त्यांत साडूभाऊंचा अख्खा वर्ग. माझी फळी बाकावर आवळलेली. प्रत्येक पोरगा येई, रंधा मारताना 'आय अ‍ॅम प्लेनिंग द वुड' म्हणे. मग बाकीचे त्याला 'यू आर प्लेनिंग' म्हणत, तेव्हा त्याने पुन्हा मारायचा. मग 'ही इज प्लेनिंग', पुन्हा रंधा. 'शी'साठी एका पोराच्या डोक्यावर पदर दिला होता आणि तोही रंधा मारत होता. कालचं झालं, आजचं झालं, उद्याचं चाललं होतं. फळीचा पापड झाला होता.

साडूभाऊंनी फळीवरून हात फिरवला आणि खऱ्या मनाने म्हणाले, "साडूभाऊ, गुळगुळीत किती झालीय बघा."

"गुळगुळीत झालीय, पण आता तिच्यावर मांजर बसलं तरी मोडेल. उद्या मी साहेबांना काय दाखवू?"

ते विचारात पडले. "खुर्ची कशाला? ही हलकी आहे. फोटोची चौकट करा."

दुसरं काही हातात नव्हतं म्हणून चौकटच केली. दुसऱ्या दिवशी साहेब सुतारशाळेत आले. चौकटीच्या एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट होती आणि ती मला दारातूनच दिसत होती. साहेबांनी करवत धरलेल्या पोराला मराठीत विचारलं, "काय करतोस रे?" पोराने सवयीने, करवत न थांबवता सांगितलं, "आय अ‍ॅम कटिंग द वुड, सर. ही इज होल्डिंग इट." शेजारचा लाकूड धरल्याधरल्या म्हणाला, "येस सर, आय अ‍ॅम होल्डिंग इट." साहेब स्टूल ओढून बसलेच. गावोगाव पाठ केलेली इंग्रजी ऐकून त्यांचे कान किटले असावेत. चौकटीकडे त्यांनी पाहिलंही नाही. जाताना हेडमास्तरांना म्हणाले, "हा सुतारवर्ग बंद करू नका. इंग्रजीला फार उपयोगी आहे."

म्हणजे माझी नोकरी राहिली ती इंग्रजीसाठी. पुढच्या बाजाराला सासरे धसईभर सांगत होते, "धाकल्या जावयानं थोरल्याची नोकरी राखली." यात खोटं काहीच नव्हतं, आणि दुखणं तेच होतं.

पुढे साडूभाऊ मुरबाडच्या शाळेत गेले. त्यांना घेऊन सर्व्हिस मोटार निघाली तेव्हा पोरं रडत होती, आणि माझ्या बदलीला कोणी रडेल का, याचा हिशेब मी तिथेच उभ्या उभ्या केला. नवे इंग्रजीचे मास्तर शिस्तीचे होते. ते खुर्चीत बसून पुस्तकातून शिकवत. सुतारशाळेच्या वाटेला ते कधी फिरकले नाहीत. माझी हत्यारं सकाळी जिथे असत तिथेच संध्याकाळी असत. सुख म्हणतात ते हेच, असं मी बायकोला सांगितलं.

एकदा धसईला जाताना मुरबाडला उतरलो आणि त्यांच्या शाळेत डोकावलो. पडवीत तिथले सुतारमास्तर तांबडेलाल होऊन बसले होते. मी कोणाचा कोण ते कळताच त्यांनी मला धरलं. "तुमी त्यांचे साडू ना? मग तुमीच सांगा त्यांना काय तरी. माझी शिडी नेली, गिरमिट नेलं, आता कामाचं मेज पण नेलंय. मी पोरांना शिकवू काय?" आतून सगळ्या वर्गाचा एकसुरी गलका येत होता आणि त्यावर तो ओळखीचा आवाज.

त्या गृहस्थांची समजूत घालणं माझं काम होतं. पण सासुरवाडीच्या पंगतीत कधी वाटला नव्हता एवढा हेवा मला त्या परक्या माणसाचा वाटत होता. त्याचं मेज कोणीतरी नेलं होतं. माझं शहापूरला जागच्या जागी होतं.