शेजारच्या काकांचे दारुडे

दारूबंदीच्या काळात अख्ख्या पनवेलात सर्वांत जास्त दारुडे आमच्या शेजारच्या काकांच्या घरी होते, आणि काका स्वतः थेंबाला शिवत नसत. काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मुंबईतला एक साहेब विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाच्या लिलावात त्यांनी जुनी इंग्रजी छापील चित्रं घेतली होती. सगळ्यांत गुत्त्यातली मंडळी. कुणी पिंपाखाली आडवा, कुणी स्वतःच्याच हॅटवर बसलेला. काकांनी सगळ्यांना मराठी नावं दिली होती. खांबाला मिठी मारून उभा, केसांचा टोप नाकावर आलेला, तो नाना. काकांचा त्याच्यावर विशेष जीव. फ्रेमी ते मुद्दाम तिरक्या टांगत. "माणसंच सरळ नाहीत, चित्रं कशाला?" शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागताना मात्र या मंडळींसमोर काका द्राक्षाच्या दारूऐवजी काळ्या मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हणत. संशयाने आलेला हवालदार दोन पेले पिऊन, "काका, यात काय पन नाय," असं खिन्नपणे सांगून गेला होता.

एकुलत्या एक मुलीला बघायला अलिबागचे पाहुणे यायचं ठरलं, तेव्हा काकूंनी दारुडे बाहेर काढायचा हुकूम सोडला. दारुड्यांच्या घरातली मुलगी कोण करणार? काकांनी मान डोलावली आणि सगळी चित्रं जागच्या जागी भिंतीकडे तोंड करून टांगली. पाहुण्यांनी साहजिकच विचारलं. काकांना खोटं बोलता येत नसे. आत दारुडे आहेत, तुम्ही येणार म्हणून पाठमोरे केलेत, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. स्वयंपाकघरात काकूंनी कपाळाला हात लावला. मुलाचे वडील उठले. त्यांनी एकेक चित्र सुलटं केलं आणि नानापाशी बराच वेळ थांबले.

"आमचे थोरले बंधू," ते म्हणाले, आणि आणखी सरबत मागितलं. लग्न ठरलं.

वर्षभरात मुलगी आणि जावई इस्राएलला निघाले. काकांनी नानाला जुन्या लुगड्यात गुंडाळून तिच्या ट्रंकेत ठेवलं. "याला धरायला कुणीतरी लागतं. आता तू धर," एवढंच म्हणाले. नंतर कधी त्यांनी मुलीचं नाव काढलं नाही. नानाला तिकडची हवा मानवली असेल का, एवढंच विचारत. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे. मी एकदा नानाच्या रिकाम्या खिळ्यावर कॅलेंडर लावायला सुचवलं, तर त्यांनी ठाम नकार दिला.

"राहू दे. दारुडा कितीही उशिरा का होईना, घरी येतोच."

काकू फडकं घेऊन खिळ्याभोवतीची धूळ पुसत राहिल्या.