मल्चिंगचा कागद

धावड्याची आमची जमीन धाकटा भाऊ कसतो. मी जालन्यात कचेरीत नोकरी करतो. मिरचीच्या वाफ्यांवर अंथरायचा मल्चिंगचा कागद पहिल्यांदा मीच नेऊन दिला, तोही सर्वांत पातळ. म्हणायला कागद, असते ते प्लास्टिक. त्या वर्षी तण उगवले नाही, मिरची उत्तम आली.

हंगाम सरला तेव्हा भाऊ आठवडाभर सासरवाडीला गेला होता. कागद हाताने ओढून काढायचा तर दोन दिवस मोडले असते, आणि मला त्याच दिवशी परतायचे होते. माती फिरवून भुसभुशीत करायला बोलावलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सायेब, आधी कागद काढा. रोटावेटरनं त्याच्या चिंध्या होतील."

"होऊ द्या. मातीत जिरून जातील," मी म्हणालो.

भावाने परतल्यावर रान पाहिले आणि दोष ट्रॅक्टरवाल्याचाच धरून त्याला पुन्हा बांधावर पाय ठेवू दिला नाही. मी गप्प राहिलो. तीन वर्षे.

गेल्या रविवारी भावजय निंदत होती. खुरप्याच्या प्रत्येक ओढीला काळी चिंधी वर येई. "गवत निंदलं की मरतं तरी, दादा. हे मरतच न्हाई," ती म्हणाली. मी चिंध्या वेचू लागलो. नखाएवढ्या सापडत होत्या. त्याहून बारीक झालेल्या कुठवर गेल्या असतील, मुळांत की विहिरीत, या विचाराने माझे हात थांबत होते. याच रानाचे धान्य माझ्या घरी येते.

तेवढ्यात भाऊ आला. "यंदा जाड कागद आणा, दादा, अख्खा निघंल असा. अन् ट्रॅक्टर यंदाबी दुसऱ्याचाच बघून राह्यलो. त्या नालायकानं रान नासवलं."

"त्याने नाही. मी सांगितले होते. तो नको म्हणत होता."

भावजयीचे खुरपे थांबले. भाऊ म्हणाला, "मंग तीन साल मी त्याला शिव्या देऊन राह्यलो, त्याचं काय? चला. तुमीच सांगा त्याला."

ट्रॅक्टरवाला घरीच होता. मी हात जोडून सगळे सांगितले. त्याने आम्हांला आधी पाणी दिले.

"माझं सोडा, सायेब," तो म्हणाला. "तुमचे भाऊ सासरवाडीहून यायच्या आतच चौघांनी आपापल्या रानात मला तसंच करायला लावलं. मी नको म्हणलो, तर म्हणले, सायबानं केलंय, तुला जास्त कळतं का?"

"कोण चौघं?" भावाने विचारले.

त्याने दारातूनच बोट करून गावच्या ओढ्याच्या अलीकडची त्या चौघांची राने एकेक करून दाखवली.