निळ्या चोचीचा पोपट

पिंपरीला राहायला आलो तेव्हा आईला सगळ्यात जास्त राग आला तो जमिनीचा. कारखान्यानं कामगारांसाठी बांधलेल्या लायनीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि दोन्हींत सिमेंटचा कोबा होता. साताऱ्याकडच्या आमच्या घरात ती शेणानं सारवायची, कडेनं गेरूची रेघ ओढायची. इथं सारवायला काही उरलंच नव्हतं. "ही जिमीन हाय का पाटा?" असं म्हणत ती कोबा पुसायची, आणि पुसून झाल्यावर तरीही कडेनं गेरूची रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी ती पुसली जायची. तिचा हात मात्र काही ऐकत नव्हता.

सगळ्यांची दारं एकाच हिरव्या रंगाची, भिंती एकाच चुन्याच्या. सुरुवातीला वडील एकदा रात्रपाळी करून आले ते सरळ शेजाऱ्यांच्या घरात शिरले आणि चहा मागून मोकळे झाले. तेव्हापासून लायनीतल्या बायकांनी आपापलं घर ओळखू यावं म्हणून जे काही करता येईल ते केलं. कुणी चुन्यात नीळ जास्त घातली. कुणी जुन्या लुगड्याचे काठ कापून पडदे शिवले. कारखान्यात यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्या लाकडाच्या फळ्या वडिलांनी भिंतीला ठोकल्या. त्यांच्यावर परदेशी काळी अक्षरं होती, तीही उलटी. आईनं वर्तमानपत्राच्या कातरलेल्या झालरी लावून ती झाकली आणि पितळेची भांडी उतरत्या क्रमानं मांडली.

पण आमचं घर ओळखू यायचं ते ताईच्या तोरणानं. ताई माझी थोरली बहीण. बोलायला कमी, हातानं मात्र वाघीण. पुण्याहून आणलेल्या काचेच्या नळीच्या मण्यांचं तोरण तिनं पावसाळाभर खिडकीपाशी बसून ओवलं. पांढऱ्या जाळीवर हिरव्या पोपटांची रांग आणि खाली घुंगरासारखे लोंबते मणी. शेवटच्या पोपटाशी आली आणि लाल मणी संपले. पुण्याला परत कोण जाणार? तिनं त्याची चोच निळी केली. मला ते काही आवडलं नाही. "एवढं केलंस आणि शेवटी माती खाल्लीस," मी म्हणाले. ती नुसती हसली.

आमच्या लायनीत एक रीत होती. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असले की त्या घरात सगळ्या लायनीचं सामान जायचं. एकीच्या खुर्च्या, दुसरीची चादर, तिसरीच्या पितळी फुलदाण्या. आणि त्या दिवशी जे ज्याच्या भिंतीवर, ते त्याचं. कुणी ब्र काढायचा नाही. आज याची मुलगी, उद्या आपली. मला त्यात काही खोटेपणा वाटत नव्हता; उलट एवढ्या बायका एका मुलीसाठी धावतात याचं कौतुकच वाटायचं.

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकू आमच्याच भागातल्या, आमच्याच जातीतल्या. त्यांच्या लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हा ताईचं तोरण त्यांच्या दारावर गेलं. ताईनंच स्टुलावर चढून ते बांधलं. नवऱ्या मुलाबरोबर त्याची आत्या आली होती. लहानपणीच विधवा होऊन भावांच्या घरी राहिलेली, आणि त्या घरात तिच्या शब्दाबाहेर मांजरही जात नव्हतं. तिनं तोरण बोटानं उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "समद्या चोची लाल, ही एकच निळी का गं?"

मी मागच्या दारात होते. काकूंची लेक क्षणभर गोंधळली आणि मग म्हणाली, "दिष्ट लागू नये म्हणून मुद्दाम केलीया."

आत्याबाई खूश. पोरगी हुशार आहे, हाताला कसब आहे. तिथल्या तिथं सुपारी फुटली. काकूंनी संध्याकाळी तोरण परत आणून दिलं, ताईच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आम्हालाही आनंद झाला. खरंच झाला.

उपकाराची फेड म्हणून काकूंनीच पुढं ताईसाठी स्थळ सुचवलं. त्यांच्या होणाऱ्या जावयाचा चुलतभाऊ, कारखान्यात नुकताच चिकटलेला. ताईनं त्याला एकदा स्टेशनवर पाहिलं होतं. तिनं काही म्हटलं नाही, पण तिला तो पसंत होता. तिची बहीण मी, मला एवढं कळत होतं. ज्या दिवशी बघायला येणार त्या दिवशी सकाळी काकू आल्या, दाराकडे पाहून जरा घुटमळल्या.

"ह्ये तोरण आज काढून ठिवा की, वैनी. त्याच घरची माणसं हाईत."

"बाईमाणूस येनार हाय का कुनी?" आईनं विचारलं.

"न्हाई. पुरुषच येनार."

"मग पुरुषांला काय कळतंय तोरणातलं?"

तरी आई तोरण काढायला उठली. तेव्हा ताई पहिल्यांदा बोलली. "आई, ऱ्हाऊ दे. माझं हाय. आज तरी माझ्या दाराला असू दे." काकू खाली मान घालून गेल्या. तोरण राहिलं.

दुपारी टांगा थांबला. आधी मुलगा उतरला, मग त्याचे वडील, आणि त्यांच्यामागून पदर सावरत आत्याबाई. "म्हटलं, आपुन बी बगून येऊ." आईची नजर तोरणाकडे गेली. आता तोरण काढायचं म्हणजे पाहुण्यांच्या डोक्यावरून काढावं लागलं असतं.

आत्याबाई उंबऱ्यातच थांबल्या. तोरण पाहिलं. बोट थेट शेवटच्या पोपटावर गेलं.

"ही निळी चोच आमी वळखतो. आमच्या होनाऱ्या सुनंनं केलेलं न्हवं ह्ये?"

शेजारच्या दारात काकू पोह्यांची ताटली घेऊन उभ्या होत्या. खरं सांगितलं तर त्यांच्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं असतं. निव्वळ तोरणासाठी नाही. भरल्या घरात खोटं बोलली म्हणून. आई तोंड उघडून बसली होती, पण तिला शब्द फुटेना. मला मात्र फुटला. "ते ताईनं" एवढंच मी म्हणाले असेन, तोच ताईनं पदराआडून माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की पुढचे शब्द घशातच राहिले.

"व्हय," ताई म्हणाली. "तिनंच केलंय. आजच्यापुरतं मागून आनलंय."

आत्याबाईंनी खोलीवरून नजर फिरवली. खुर्च्या, चादर, फुलदाण्या. आता प्रत्येक वस्तू त्यांना उसनी दिसत असणार. त्यांनी विचारलं, "मग तू काय केलंस, पोरी?"

ताईनं भरलेले रुमाल होते, क्रोशानं विणलेली जाळी होती, ट्रंकेवर टाकलेली चादर तिच्याच हातची होती. ती म्हणाली, "काई न्हाई."

का म्हणाली? पुष्कळ वर्षं मला याचा राग यायचा. एक तोरण गेलं तर जाऊ दे, बाकीचं तरी सांगायचं होतंस! पण एकदा तोरण उसनं म्हटल्यावर दुसरं काही आपलं म्हणण्याची तिची हिंमत नसावी, किंवा मन उडालं असावं. मुलगा तिच्याकडे पाहत होता. त्याला ती आवडली होती असं मला आजही वाटतं. पण त्या घरात त्याच्या वाटण्याला कोण विचारतो? निरोप आला तो असा की घर उसनं आहे आणि पोरीच्या हाताला वळण नाही. हे नातेवाइकांत पसरायला वेळ लागला नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढं झाली. काकूंच्या लेकीचं लग्न जवळ आलं. रुखवतात ते तोरण दिसायला हवं होतं, नाहीतर आत्याबाईंनी विचारलं असतं. काकू आमच्याकडे आल्या त्या रडतच. आईनं नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं. ताईनं तोरण स्वतः काढलं, एका बाजूची ढिली झालेली माळ घट्ट करून दिली. मांडवात रुखवताच्या मधोमध ते टांगलं होतं आणि बायका वाहवा करत होत्या. आत्याबाईंनी ताईला हाक मारून जवळ बोलावलं. "शीक जरा हिच्याकडनं," त्या म्हणाल्या. ताईनं मान हलवली.

त्याच साली ताईला चाकणला दिलं. नवरा बिजवर, स्वभावानं वाईट नाही, कांद्याचा व्यापार. आमच्या दारावर नंतर काही लागलं नाही. आईनं एकदा कागदाची फुलं आणली, पण ती तिनंच काढून टाकली. त्या उघड्या चौकटीखालून जाताना ती कधीकधी थांबायची आणि वर पाहायची. "म्या बोलाया पायजे हुतं," असं एकदा म्हणाली. मलाही तेच वाटत होतं, तिच्याबद्दल आणि माझ्याबद्दल.

पहिल्या दिवाळीला ताईला माहेरी आणायला वडिलांबरोबर मी गेले होते. तिच्या सासरी मातीची भिंत, खिळाही धरत नव्हती. तिच्या दाराला दसऱ्याची आंब्याची पानं होती, वाळून कडक झालेली. "मणी देऊ का?" मी वाटेत विचारलं. "कशाला?" ती म्हणाली. एवढंच.

काकूंची लेकही दिवाळीला आली होती. दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे आली, हातात पिशवी. तोरणाचा दोरा तुटला होता आणि शेवटचा पोपट सगळा ओघळला होता. तिच्या सासरी सगळे म्हणाले होते, तूच केलंस ना, मग तूच दुरुस्त कर. पिशवी देताना तिला वर पाहवलं नाही. तिच्यावर रागवायचं म्हणून मी किती दिवस वाट पाहिली होती, पण तिचा चेहरा बघून मला ते जमलं नाही.

ताई कोब्यावर मांडी घालून बसली. कितीतरी महिन्यांनी तिच्या हातात सुई होती, आणि हात काही विसरले नव्हते. मी आतून डबी घेऊन आले. तिच्यासाठी म्हणून मी कधीतरी पुण्याहून लाल मणी आणून ठेवले होते.

"आता तरी लाल कर," मी म्हणाले.

तिनं डबी उघडली, मणी बोटानं फिरवून पाहिले आणि झाकण लावलं.

"नगं. लाल केली तर तिच्या घरची म्हनतील, ह्ये कुणी दुसरीनंच केलंय."