साळुबाई धुतल्याशिवाय देत नाही

ओझरपासून थोडं आत, कुकडी नदीच्या अंगाला भिमाजीचा मळा. तिथं पाहुणा गेला की त्याला पाणी दोनदा मिळायचं. एक तांब्यातून प्यायला, आणि दुसरं त्याच्या हातात जी काही खायची वस्तू असेल ती धुवायला.

हा कायदा भिमाजीच्या बायकोचा, साळुबाईचा. कुणी पिशवीतून केळी आणली की तिने ती घमेल्यात बुडवलीच. केळ्याला साल असते, साल कुणी खात नाही, हे सांगून लोक थकले.

"साल काढनारा हात तोच अन् खानारा हात तोच ना?" ती विचारायची.

डाळिंब, कलिंगड, चतुर्थीला विघ्नहराच्या देवळातून आणलेली नारळाची कवडसुद्धा तिच्या हातून ओली होऊनच बाहेर यायची. भिमाजी म्हणायचा, "देवाला दाखवलेलं बी धुती ही!"

"देवाला काय व्हत न्हाई. तुमच्या पोटाला व्हतं."

बाई अंगाने काटकुळी, पण आवाज असा की बागेच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाचा गडी दचकून उठावा. चालणं नाहीच, सदा पळणं. हसायला लागली की पदर तोंडाशी धरायचीही आठवण राहायची नाही.

जन्मापासून ती अशी नव्हती. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या बाजूला. तिथं गाजर उपटायचं, परकराला पुसायचं आणि कराकरा खायचं, एवढंच तिला ठाऊक. सासरी आल्यावरही कितीतरी वर्षं तेच चाललं. मग नव्वद सालाच्या पुढं कधीतरी भिमाजीने बाजरीचं रान मोडून द्राक्षबाग लावली आणि घरात औषधं आली. औषध म्हणजे आजारी माणसाचं नव्हे, बागेचं. मोरचूद भिजवायचं काम साळुबाईकडे. ड्रममध्ये काठीने ढवळताना हात कोपरापर्यंत निळे व्हायचे आणि भाकरी थापायला बसली तरी नखांतला निळा रंग जायचा नाही. भुरी रोगाचं औषध वेगळं, किडीचं वेगळं. कशाला उग्र वास, कशाला काहीच वास नाही. बिनवासाच्या औषधाची तिला जास्त धास्ती वाटायची.

एका सकाळी शेळी दावं तोडून बागेत शिरली आणि नुकत्याच फवारलेल्या वेलीचा पाला खाऊन आली. दुपारी तिने मान टाकली. तोंडाला फेस आला. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन सुई दिली, साळुबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी शेळी उठली आणि अंगणातला चारा हुंगू लागली. सगळ्यांना हायसं वाटलं, पण साळुबाई तिथंच बसून राहिली. भिमाजीने विचारलं, आता काय झालं?

"तिला बोलता येत न्हाई, वाचता येत न्हाई. आपल्याला तर समदं कळतं," ती म्हणाली. "तरी आपन झाडाखाली उभं राहून घड तोंडात घालतोच की."

त्या दिवसापासून घमेलं नळाखाली आलं ते कायमचं.

बागेच्या विरळणीला, घडातले दाट मणी काढायला, घाटघरची टोळी यायची. घाटघर म्हणजे जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाजवळचं डोंगरातलं गाव. तिकडचं भात काढून झालं की माणसं खाली मळ्यांवर कामाला उतरायची. त्या टोळीत चिमाबाई आणि तिचा नवरा कुशाबा. चिमाबाई ठेंगणी, गोल चेहऱ्याची, कामाला चपळ. पहिल्याच वर्षी जेवणाच्या सुट्टीत तिने शेजारच्या रानातला टोमॅटो तोडून दाताखाली धरला, तोच साळुबाईची हाक आली. टोमॅटो हातातून गळून पडला.

"वैनी, आमी डोंगरात जल्मभर असंच खातो," चिमाबाई म्हणाली.

"तुमच्या डोंगरात पाठीवर पंप घेऊन कुनी फिरतं का?"

"न्हाई बा."

"मग इथं धुवून खायचं."

चिमाबाईला ते पटलं. इतकं पटलं की पुढच्या वर्षी नव्या आलेल्या बायांना तीच दरडावू लागली. दोघींची गट्टी जमली ती अशी.

आता मुख्य गोष्ट. साळुबाईची थोरली लेक वैजयंता लग्नाची झाली. अवसरीकडून स्थळ आलं. मुलगा सुदर्शन, सोसायटीत नोकरीला, घरी पाण्याखालची शेती. सोयरीक जमावी असं भिमाजीला फार वाटत होतं. मुलाचे वडील रखमाजी स्वतः मुलगी बघायला आले. दिवस फेब्रुवारीचे, बाग पिकायला आलेली. दोन दिवस आभाळ येत होतं, भुरीची भीती होती, म्हणून भिमाजीने पाहुणे यायच्या आत पहाटे उठून वरच्या तुकड्यावर फवारणी उरकली होती. दुपारपर्यंत पानं वाळली. घड असे दिसत होते की बघतच राहावं.

रखमाजी म्हणजे पांढरी टोपी, मोठं पोट आणि त्याहून मोठा आवाज. ओट्यावर टेकायच्या आधीच म्हणाले, "पोरगी नंतर बघू. आधी बाग दाखवा."

भिमाजी त्यांना घेऊन गेला. नेमका वरचाच तुकडा वाटेवर. रखमाजींनी एका वेलीखाली थांबून घड हातात तोलला आणि तोडला.

"धुवून आनतो थांबा," भिमाजी पुटपुटला.

"छ्या! शेतातली वस्तू झाडावरनंच खावी, पावणं. पान्यात घातली की गोडी जाती."

होणाऱ्या व्याह्यासमोर, बागेचं कौतुक चाललेलं असताना, आज सकाळीच औषध मारलंय हे भिमाजीच्या तोंडातून निघेना. इतका देखणा माल आणि त्यालाच आपण नावं ठेवायची?

साळुबाई आत पोहे परतत होती. खिडकीतून तिला वरच्या तुकड्यात पांढरी टोपी दिसली, आणि टोपीच्या दिशेने वर जाणारा हात दिसला. पुढचं तिने ठरवून केलं नाही. ती तशीच सुटली, अनवाणी, हातात उलथनं. टोळीतल्या बायका कामं टाकून बघत राहिल्या. रखमाजींनी पहिला मणी ओठांना लावला असेल नसेल, तिने त्यांच्या हातातला अख्खा घड ओढून घेतला.

"टाका! तोंडातलं टाका आधी!"

रखमाजींनी मणी थुंकला.

"आमच्याकडं पावन्याच्या तोंडचा घास काढत न्हाईत," ते सावकाश म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"आमच्याकडं बी न्हाई काढत. पन सकाळीच फवारलंय ह्यावर. ह्यांना सांगायची लाज वाटली. ही द्राक्षं तर आज धुवून बी खायाची न्हाईत. खालच्या तुकड्यावर लई दिवसांत काय मारलं न्हाई, तिथली घमेल्यात धुवून देते. बसा तुमी."

पण रखमाजी बसले नाहीत. मुलीला ओझरतं बघितलं, अर्धा कप चहा घेतला आणि निघाले. पोहे कढईतच करपले होते.

भिमाजी दोन दिवस बायकोशी बोलला नाही. गावात पसरलं की साळुबाईने लेकीची सोयरीक घमेल्यात बुडवली. चिमाबाई मात्र आठवून आठवून हसत होती. "वैनी, मला वाटलं तुमी पावन्याला उलथन्यानं हानताय आता!" साळुबाईही हसली, पण वैजयंता विहिरीवर गेली की तिच्या पाठीकडे ती बघत राहायची. आपलं चुकलं का? चुकलं असेल तर नेमकं काय? घड काढून घेतला ते, की ओरडलो ते? घड काढल्याबद्दल तिला काही केल्या वाईट वाटेना. ओरडण्याबद्दल थोडं वाटलं.

अशात एक दिवस रस्त्यावर एस.टी. थांबली आणि एक अनोळखी बाई पिशवी सांभाळत मळ्याच्या वाटेला लागली. ओट्याशी येऊन म्हणाली, "मी अवसरीची अंबाबाई. रखमाजींची मालकीन. मला त्या बाईला बघायचं व्हतं."

"पोरगी विहिरीवर गेलीय," साळुबाई गडबडून म्हणाली.

"पोरगी न्हवं. तुमी."

साळुबाईने पाणी दिलं. अंबाबाई पाणी पिऊन अंगणातल्या पेरूकडे वळली, एक पिवळा पेरू तोडला आणि मुद्दाम तोंडापाशी नेला. साळुबाईला राहवलं नाही.

"जरा द्या इकडं, विहीणबाई... म्हंजे, बाई."

"आता ह्या पेरूवर कोन फवारतंय?"

"फवारत न्हाई कुनी. पन रोज संध्याकाळी ह्याच्यावर वटवाघळं बसत्यात."

अंबाबाईने पेरू निमूट तिच्या हातात दिला आणि मग जी हसायला लागली, ती ओट्यावर बसूनच थांबली.

"आमचं मानूस घरी आलं ते फुगून. म्हनाले, बाईनं हातातला घास काढला. म्या इचारलं, का काढला? तर म्हनाले, औषध मारलं व्हतं. म्या म्हनलं, आवो, मग तिनं तुमचा जीव राखला अन् तुमी तोंड फुगवून आलात व्हय? आता मंचरच्या बाजारात ज्याला त्याला हीच गोष्ट सांगत फिरत्यात. उलथनं तर दर येळेला मोठं व्हतंय."

साळुबाईच्या डोळ्यांना पाणी आलं आणि तिने पेरू धुवायच्या निमित्ताने नळाकडे तोंड फिरवलं.

"पोरगी बी तुमच्यासारखीच हाय का?" अंबाबाईने विचारलं.

आता इथं दुसरी कुणी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. साळुबाईला ते जमेना. "न्हाई ओ. खोटं कशाला बोलू? मी पाठ फिरवली की ती चिंचा बोरं तशीच खाती."

"आमचा सुदर्शन बी तसलाच. चांगली जोडी जमली," अंबाबाई म्हणाली.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. मांडवात रखमाजींनी व्याह्यांना बाजूला सारून विहीणबाईंना पुढं बोलावलं आणि सगळ्या वऱ्हाडाला त्यांची ओळख करून दिली. त्या दिवशी उलथनं हातभर लांब झालं होतं.

पुढं काही वर्षांनी चिमाबाईच्या लेकीचं, उज्ज्वलाचं लग्न निघालं. आग्रहाचं बोलावणं आलं आणि साळुबाई नि भिमाजी जुन्नरहून एस.टी.ने घाटघरला गेली. मे महिना. हळद, लग्न, जेवणं सगळं झकास झालं. दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर चिमाबाईने पळसाच्या पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं आणून पुढं ठेवली.

"चिमा, जरा पानी आन गं," साळुबाई सवयीने म्हणाली.

चिमाबाई आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली. साळुबाईने करवंदं धुतली. पाणी अंगणात सांडलं तशा दोन कोंबड्या धावत आल्या आणि त्या ओल्या मातीतच चोची घालू लागल्या. साळुबाईला ते जरा वेगळंच वाटलं. तिने घरात डोकावून पाहिलं. हंडे ओळीने उपडे होते. एकाच्याच तळाशी पाणी होतं.

"पावसाळ्यात इथं पावलापुरतं कोरडं सापडत न्हाई," कुशाबा म्हणाला, "अन् उन्हाळ्यात हे असं."

सकाळी चिमाबाई झऱ्याकडे निघाली तेव्हा साळुबाईने दुसरा हंडा उचलला. नको नको म्हणाली तरी ऐकलं नाही. डोंगराची उतरण, खाली कातळाच्या कपारीत झरा, आणि आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या बाया. वाटीवाटीने पाणी उपसायचं, हंड्यात ओतायचं, कपारीत पुन्हा साठेस्तोवर थांबायचं. साळुबाई बसल्या बसल्या साऱ्यांशी बोलली, कुणाच्या सासूची, कुणाच्या भाताची विचारपूस केली. हंडे भरले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

चढणीवर तिला धाप लागली. चिमाबाईने तिचा हंडा उतरवून दगडावर टेकवला. बाजूलाच करवंदीची जाळी, पिकून लगडलेली. चिमाबाईने मूठभर तोडली, पुढं केली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा हात मागं घेतला.

"थांबा वैनी, धुवून देते." आणि ती खरोखरच डोक्यावरचा हंडा कलता करू लागली.

साळुबाईने तिचा हात घट्ट धरला. "खबरदार सांडलंस तर!"

"पन तुमाला..."

"हितं कोन येतं फवारायला?"

"पाऊस येतो की. पन तो जूनात."

साळुबाईने करवंदं पदराला पुसली आणि तोंडात टाकली. एक, मग दुसरं, मग मूठच. गोड, आंबट, चिकाने ओठ एकमेकांना चिकटले. बोलायला गेली तर शब्द फुटेना, आणि ते बघून चिमाबाई अशी हसली की डोक्यावरचा हंडा धरायला साळुबाईलाच पुढं व्हावं लागलं. दोघींनी जाळीची खालची बाजू सगळी संपवली.

घरी पोचल्या तेव्हा भिमाजी अंगणात बसला होता. बायकोचे जांभळे ओठ त्याने पाहिले, मग हंडा पाहिला. हंडा काठोकाठ भरलेला.

"न धुता खाल्लीस?"

"व्हय."

परतीच्या एस.टी.त तो खिडकीबाहेर बघत एकटाच हसत होता. मळ्यावर पाय ठेवला आणि तो थेट टोमॅटोच्या रानात शिरला. लालबुंद टोमॅटो तोडून दाताखाली धरणार, तोच मागून हाक आली.

"घाटघरला चालतंय तर हितं का न्हाई?" त्याने विचारलं.

"तिथं पंप कुनाच्या पाठीवर व्हता? हितं मंगळवारी कोन फिरत व्हतं ह्याच रानात?"

भिमाजी टोमॅटोकडे बघत उभा राहिला. मंगळवारी तोच फिरत होता.

"अन् तोंडाला लावायच्या आधी बाटलीवर किती दिवस थांबायचं लिहिलंय ते बी बघा," ती आत जाताजाता म्हणाली. "कळत नसलं तर वैजूला फोन करा. ती आता माझ्यापेक्षा कडक झालीय."

भिमाजीने तो टोमॅटो कुंपणावर ठेवला आणि बाटली शोधायला शेडकडे गेला.